इझेनहाइमच्या वेदीवरचा रोगी

क्रूसावरच्या ख्रिस्ताची चित्रे युरोपात किती रंगवली गेली याची मोजदाद नाही. त्यांतल्या बहुतेकांत देह देखणा असतो. कुशीत भाल्याची एक जखम, हातापायांत खिळे, रक्ताचा बारीकसा ओघळ आणि चेहऱ्यावर झोप लागल्यासारखी शांती. इटलीतल्या चित्रकारांना तर हा विषय म्हणजे मानवी शरीराचे सौष्ठव दाखवण्याची संधीही वाटे. त्याच काळात, 1512 ते 1516 च्या दरम्यान, आल्प्सच्या उत्तरेला आल्सास प्रांतातल्या इझेनहाइम गावच्या मठासाठी माथियास ग्रूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने जो ख्रिस्त रंगवला, तो मात्र पाहवत नाही.

अंगाचा रंग हिरवट-पिवळा, नासत चाललेल्या मांसाचा. गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत बारीक बारीक जखमा. कित्येकींत काट्यांचे तुकडे अजून रुतलेले आणि भोवतीची कातडी सुजलेली. ओठ निळे, तोंड उघडे. एकावर एक ठेवून एकाच खिळ्याने ठोकलेली पावले सुजून वेडीवाकडी झालेली. तळहातांत खिळे, आणि हातांची बोटे आकाशाच्या दिशेने ताठ पसरलेली. देहाच्या भाराने क्रूसाचे आडवे लाकूड वाकले आहे. तेही रंधा न मारलेले, ओबडधोबड. मागे काळे आकाश. 269 सेंटिमीटर उंच आणि 307 सेंटिमीटर रुंद अशा या चित्रात ख्रिस्त बाकी सर्व माणसांपेक्षा मोठा काढला आहे, त्यामुळे नजर बाजूला वळवली तरी तो देह सुटत नाही.

डावीकडे पांढऱ्या वस्त्रातली त्याची आई मरिया शुद्ध हरपून मागे कलंडते आहे आणि लाल झग्यातला तरुण शिष्य योहान तिला सावरतो आहे. क्रूसाच्या पायथ्याशी मग्दालिया मरिया गुडघे टेकून, हातांची बोटे एकमेकांत अडकवून वर पाहते. तिच्याजवळ सुगंधी लेपाची बरणी ठेवलेली. उजवीकडे बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे. खरे तर क्रूसाच्या घटनेआधीच हेरोदाने त्याचा शिरच्छेद केला होता. तरी चित्रकाराने त्याला इथे बोलावले, त्याच्या एका हातात उघडा ग्रंथ दिला आणि दुसऱ्या हाताची तर्जनी ख्रिस्ताच्या देहाकडे रोखायला लावली. ही तर्जनी नेहमीच्या बोटापेक्षा लांब आहे. त्याच्यामागे लॅटिन अक्षरांत त्याचेच शुभवर्तमानातले उद्गार लिहिले आहेत: याने वाढत जावे आणि आपण कमी होत जावे, अशा अर्थाचे. पण ज्याच्याकडे बोट रोखले आहे तो तर डोळ्यांदेखत नष्ट होताना दिसतो. या विसंगतीसमोर पाहणाऱ्याला उभे करायचे, हाच चित्रकाराचा हेतू असावा.

देवाच्या पुत्राला इतके विद्रूप का करावे? या प्रश्नाचे अर्धे उत्तर मठाच्या कामात सापडते. इझेनहाइमचा मठ हे रोग्यांचे घर होते, आणि तिथे येणाऱ्यांचा रोग भयंकर होता.

त्या रोगाला लोक ‘संत अँथनीची आग’ म्हणत. हातापायांची आग होऊ लागे. मग ते बधिर होत, काळे पडत, सुकत, आणि शेवटी कित्येकदा रक्ताचा थेंबही न सांडता देहापासून गळून पडत. काहींना आचके येत, भास होत, नाही नाही ती भुते दिसत. दहाव्या शतकापासून युरोपात याच्या साथींवर साथी आल्या. कारण भाकरीत होते. राय या गरिबांच्या धान्याच्या कणसावर, विशेषतः थंड आणि ओल्या हवेत, एक बुरशी वाढते. दाण्याच्या जागी काळपट जांभळी, शिंगासारखी गाठ धरते. ती धान्यासोबत दळली गेली की तिच्यातली विषे रक्तवाहिन्या आवळून टाकतात. उपासमारीच्या वर्षी नवे धान्य हाती येताच लोक ते निवडत न बसता खात, आणि त्यांच्याच घरांत हा रोग शिरे. सतराव्या शतकापर्यंत कोणालाही हे कारण नीट कळलेले नव्हते.

महाराष्ट्रातल्या बाजरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे वर्णन परके वाटणार नाही. त्याच्या शेतात या बुरशीची चुलत बहीण येते. कणसावर आधी मधासारखे चिकट थेंब दिसतात आणि मग काळ्या गाठी धरतात. कृषी खाते तिला अरगट म्हणते आणि पेरणीपूर्वी 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडवायला सांगते. रोगट गाठी तरंगतात, त्या काढून टाकायच्या. बाजरीच्या अरगटाने हातपाय गळत नाहीत, पण उलट्या, गरगरणे, ग्लानी होते, आणि 1950 च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन माणसे आजारी पडली होती. रायवरच्या अरगटातली द्रव्ये पुढे औषधेही झाली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला आपल्याकडच्या प्रसूतिगृहांत मेथर्जिन नावाचे जे इंजेक्शन देतात, ते याच कुळातले.

हे सारे आज माहीत आहे. 1512 साली इझेनहाइमच्या दाराशी काळा पडलेला हात फडक्यात गुंडाळून येणाऱ्याला एवढेच माहीत होते की आपल्याला आतून आग लागली आहे आणि ती एका संताच्या नावाची आहे.

हा संत कोण? वसईत आणि गोव्यात घरोघरी ज्या संत अंतोनीला लोक हाक मारतात तो पदुआचा, तेराव्या शतकातला. इझेनहाइमचा अँथनी त्याच्याआधी जवळजवळ नऊशे वर्षे इजिप्तच्या वाळवंटात राहिला. ख्रिस्ती संन्यासी परंपरेचा तो आद्यपुरुष. त्याच्या अस्थी कॉन्स्टँटिनोपलहून फ्रान्सच्या दोफिने प्रांतात आणल्या गेल्या, आणि तिथे साधारण 1095 च्या सुमारास रोग्यांची सेवा करणारा एक संघ उभा राहिला. हे अँटोनाइन बंधू काळ्या झग्यावर निळा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा क्रूस लावत. पुढे युरोपभर त्यांची शेकडो घरे झाली, इझेनहाइमचा मठ त्यांतलाच. त्यांची डुकरे गळ्यात घंटा बांधून गावभर मोकळी चरत, कारण त्यांच्या चरबीतून मलम होई आणि मांस रोग्यांच्या ताटात जाई.

लोकांची समजूत अशी की आग लावणारा हाच आणि विझवणारा हाच. देवीच्या साथी पाहिलेल्या घरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ज्याच्या कोपाने रोग येतो त्यालाच नवस बोलायचा. या समजुतीत एक व्यवस्था आहे. रोगाला कारण मिळते, रागावलेला कोणी मिळतो, आणि त्याचा राग शांत करण्याचा उपायही मिळतो. पण त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते. देव किंवा संत रागावला असेल, तर रोग्याने काहीतरी केलेच असणार. कुजणाऱ्या हाताबरोबर अपराधाचे ओझेही त्याच्याच माथी येते. बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट नेमकी इथे बोट ठेवते. फोडांनी भरलेल्या ईयोबाला त्याचे मित्र येऊन पटवू पाहतात की तुझ्या हातून पाप घडले असले पाहिजे, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर.

ग्रूनेवाल्डच्या चित्राने या समजुतीला जे उत्तर दिले ते एखाद्या प्रवचनाला जमले नसते. त्याने रोग लावणाऱ्याची जागाच बदलली. वेदीवर, जिथे न्याय करणारा देव असायचा, तिथे त्याने रोगी बसवला. ख्रिस्ताच्या अंगावरचे वण फटक्यांचे आणि काट्यांचे आहेत, अरगटाचे नाहीत. पण हिरवट कातडी, सुजलेली पावले आणि निळे ओठ पाहून त्या मठातल्या कोणत्याही माणसाने आपल्या खाटेशेजारचा देह ओळखला असता. ज्याच्यावर हे सगळे भोगणे आले तो निष्पाप होता, असे तर त्याचा धर्मच सांगत होता. मग आपला भोग ही शिक्षाच आहे, असे त्याने का मानावे?

इथे ख्रिस्ती धर्मविचारातला एक फार जुना पेच आहे. देवाला दुःख होऊ शकते का? ग्रीक तत्त्वज्ञानावर वाढलेल्या पहिल्या आचार्यांना हा विचारच पेलवत नव्हता. जो पूर्ण आहे त्याच्यात बदल नाही, आणि दुःख म्हणजे तर बदलच. काहींनी तर असे शिकवले की ख्रिस्ताने देह धारण केल्याचा केवळ भास झाला, वेदना खरी नव्हतीच. चर्चने हे मत नाकारले. इसवी सन 451 मध्ये खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेने ठरवले की ख्रिस्त एकच, पण त्याचे स्वभाव दोन: पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. वेदना सोसली ती मानवी स्वभावात. सूत्र चोख होते, पण चित्रकाराला स्वभाव रंगवता येत नाही, त्याला देहच रंगवावा लागतो. सुरुवातीच्या शतकांत क्रूसावरचा ख्रिस्त डोळे उघडे ठेवून, राजासारखा ताठ दाखवला जाई. कोलोन शहरातल्या कॅथेड्रलमधला दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला लाकडी क्रूस हा मान टाकलेल्या, मेलेल्या ख्रिस्ताच्या सुरुवातीच्या मोठ्या मूर्तींपैकी एक. पुढच्या पाचशे वर्षांत, प्लेगच्या साथींनंतर तर विशेषच, उत्तर युरोपात तो देह अधिकाधिक जखमी होत गेला. स्वीडनच्या संत ब्रिजितच्या दर्शनांनी त्या जखमांना बारीकसारीक तपशील पुरवले. ग्रूनेवाल्ड या वाटेच्या टोकाला उभा आहे. त्याच्यापुढे कोणी गेला नाही, आणि त्याच्यापुढे जायला जागाही उरली नव्हती.

हा माणूस होता तरी कोण? त्याच्याबद्दल फार थोडे हाती लागते. ग्रूनेवाल्ड हे नावच मुळात त्याचे नव्हे. योआखिम फोन सांद्रार्ट या लेखकाने 1675 मध्ये चुकून ते दिले आणि ते चिकटले. समकालीन कागदांत तो मेस्टर मॅथिस आहे, आडनाव कधी गोटहार्ट, कधी निटहार्ट. जन्म बहुधा वुर्झबुर्गचा, 1470 ते 1480 च्या दरम्यानचा, म्हणजे आल्ब्रेख्ट ड्युररच्या पिढीतला. ड्युररने आपली स्वतःची चित्रे काढली, पत्रे लिहिली, प्रवासाच्या रोजनिश्या ठेवल्या, पुस्तके छापली. मॅथिसने यातले जवळजवळ काहीच मागे ठेवले नाही. दहा-बारा चित्रे आणि तीसेक रेखाटने, इतकेच त्याचे काम उरले आहे. माइन्झच्या कॅथेड्रलमधली त्याची काही चित्रे तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने लुटून नेली आणि ती घेऊन जाणारे जहाज समुद्रात बुडाले, असे सांद्रार्टने नोंदवून ठेवले आहे.

तो नुसता चित्रकारही नव्हता. त्याला पाण्याची कामे येत. कारंजी, नळ, पाणी चढवण्याची यंत्रे. माइन्झच्या आर्चबिशपांच्या पदरी त्याने चित्रे काढली आणि बांधकामावर देखरेखही केली. त्यातला दुसरा आर्चबिशप ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्ट. जुन्या चर्चला आव्हान देणाऱ्या मार्टिन ल्यूथरने 31 ऑक्टोबर 1517 रोजी आपले 95 मुद्दे ज्या वरिष्ठाला पत्रासोबत पाठवले तो हाच. पापाच्या दंडाची माफी विकण्याचा जो व्यवहार ल्यूथरला खुपला, त्यातला मोठा वाटा याच आल्ब्रेख्टच्या कर्जफेडीला जात होता. मॅथिसने एका चित्रात या धन्याला संत इरास्मसच्या रूपात, भरजरी वस्त्रांत रंगवले आहे. ते आता म्युनिकला आहे.

1525 मध्ये जर्मनीत शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि सरदारांनी तो रक्तात बुडवला. त्याच सुमारास मॅथिसची दरबारी नोकरी संपली. तो फ्रँकफुर्टला एका रेशमी भरतकाम करणाऱ्याकडे राहिला, मग हाले शहरात पाण्याच्या कामावर गेला आणि तिथेच 1528 मध्ये वारला. त्याच्या मागे राहिलेल्या सामानाची यादी फ्रँकफुर्टमध्ये झाली. तीत रंग आहेत, दरबारी थाटाचे कपडे आहेत, जपमाळ आहे. आणि बांधलेली ल्यूथरची 27 प्रवचने आहेत. खिळे ठोकून बंद केलेल्या एका पेटीत नवा करार आणि ल्यूथरपंथी पुस्तिकांचा ढीग आहे. आर्चबिशपाच्या एकेकाळच्या चित्रकाराने ही पेटी खिळे ठोकून का बंद केली असेल, हे सांगायला नको.

मात्र या यादीवरून इझेनहाइमचे चित्र ल्यूथरपंथी ठरवणे बरोबर नाही. ते ल्यूथरच्या मुद्द्यांच्या आधी पूर्ण झाले होते, आणि ते काढवून घेणारा मठाचा प्रमुख ग्विदो ग्वेर्सी हा जुन्या चर्चचाच निष्ठावान माणूस होता. 1518 च्या एप्रिलमध्ये हायडेलबर्गच्या वादसभेत ल्यूथरने मांडले की देव ओळखायचा तो त्याच्या वैभवात न शोधता क्रूसाच्या लाजिरवाण्या वेदनेत शोधावा. एका मठाच्या वेदीवर हाच विचार दोन-तीन वर्षे आधी रंगात उभा होता. पुढे एकमेकांचे वैरी झालेल्या दोन्ही बाजूंच्या मुळाशी तो होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

या वेदीचित्राचा क्रूस हा फक्त बाहेरचा चेहरा. सारी रचना कवाडांची आहे. एरवी कवाडे मिटलेली असत. क्रूसाच्या एका बाजूला बाणांनी विंधलेला संत सेबास्टियन, प्लेगच्या रोग्यांचा वाली, आणि दुसऱ्या बाजूला अँथनी. खाली लांब पट्टीवर ख्रिस्ताचे शव कबरीत ठेवताना. क्रूस दोन फळ्यांच्या बरोबर मध्ये न काढता थोडा उजवीकडे सरकवला आहे. त्यामुळे सणाला कवाडे उघडू लागली की पहिल्यांदा ख्रिस्ताचा एक हात धडापासून वेगळा होतो. खालची पट्टी सरकली की त्याचे पायही गुडघ्यापाशी तुटतात. आंद्रे हायम या कला-इतिहासकार बाईंनी दाखवून दिले आहे की ज्या घरात हातपाय कापण्याची शस्त्रक्रिया नित्याची होती तिथे याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नसता. हे मत पटण्यासारखे आहे. ज्याचा हात गेला त्याला वेदीवर हात तुटलेला देव दिसे.

कवाडे उघडली की आत सगळा रंगच बदलतो. एका टोकाला देवदूत मरियेला गर्भधारणेची वार्ता सांगतो आहे. मध्ये देवदूतांचा वाद्यवृंद आणि बाळाला हातांत घेतलेली आई. तिच्याजवळ पाळणा, न्हाणीचे घंगाळ, आणि चक्क बाळाचे शौचाचे भांडे. देवाच्या बाळपणाच्या चित्रात शौचाचे भांडे ठेवायला धाडस लागते, आणि रुग्णसेवेच्या घरात ते फार योग्यही आहे. बाळाला गुंडाळलेले फडके फाटके आहे, क्रूसावरच्या कमरेच्या वस्त्रासारखेच. दुसऱ्या टोकाला पुनरुत्थान. कबरीतून ख्रिस्त वर उठला आहे, त्याच्या मागे पिवळ्या-नारिंगी प्रकाशाचे प्रचंड वर्तुळ, आणि त्या प्रकाशात त्याचा चेहरा जवळजवळ विरघळून गेला आहे. अंग स्वच्छ. काट्यांचा, फोडांचा मागमूस नाही. फक्त खिळ्यांच्या आणि भाल्याच्या पाच जखमा राहिल्या आहेत.

तिसऱ्या उघडणीत लाकडी मूर्ती दिसतात, हागेनाऊच्या निक्लाऊसने चित्रांच्या आधीच कोरलेल्या. मध्यभागी सिंहासनावर अँथनी, त्याच्या पायाशी डुक्कर आणि कोंबडा घेऊन आलेली माणसे. दोन्ही बाजूंना पुन्हा ग्रूनेवाल्डची चित्रे. डावीकडे अँथनी आणि पौल हे दोन वृद्ध तपस्वी वाळवंटात बोलत बसलेत, आणि त्यांच्या पायाशी नीट ओळखू येतील अशा औषधी वनस्पती उगवल्या आहेत. मठाच्या मलमात आणि काढ्यात त्याच पडत. उजवीकडे मात्र गोंधळ आहे. भुतांनी अँथनीला जमिनीवर लोळवले आहे. कोणी केस ओढते, कोणी चोच मारते, कोणी दांडके उगारते. मागे त्याचे घर मोडून पडले आहे. डाव्या कोपऱ्यात एक माणूस पडला आहे: डोक्यावर लाल टोपडे, पोट फुगलेले, अंगभर फोड, पायाचे पंजे बेडकासारखे. तो भुतांच्या कळपात आहे आणि तरी तो भूत नाही, तो मठातला रोगी आहे.

उजव्या कोपऱ्यात, तुटक्या बुंध्यावर, एक कागदाचा तुकडा आहे. त्यावर लॅटिनमध्ये अँथनीचे गाऱ्हाणे लिहिले आहे: चांगल्या येशूला तो विचारतो की तू होतास कुठे, माझ्या जखमा बऱ्या करायला आला का नाहीस.

हे शब्द अँथनीच्या चरित्रातून आलेले. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ते चरित्र लिहिले. त्यात प्रश्नापाठोपाठ उत्तरही आहे. छत फाकते, प्रकाश येतो, आणि वाणी सांगते की मी इथेच होतो, तुझी झुंज पाहत थांबलो होतो. चरित्र वाचणाऱ्याचे समाधान होते. ग्रूनेवाल्डने चित्रात वर आकाशात प्रकाशातला देव काढला आहे, पण तो लहान आहे, दूर आहे, आणि कागदावर उत्तर नाही. प्रश्न मात्र अक्षर न् अक्षर लिहिला आहे, आणि तो वेदीवर, जिथे पूजा चालते तिथेच टांगला आहे.

हे चित्र धर्मविचाराला जे देते ते इथे आहे, असे म्हणावेसे वाटते. दुःखाची कारणमीमांसा प्रत्येक धर्माने केली. पापाचे फळ, पूर्वकर्म, परीक्षा, शुद्धी. त्या मीमांसा खोट्या म्हणून टाकण्याचे कारण नाही. पण रोग्याच्या उशाशी बसून त्या सांगू लागले की त्या क्रूर होतात. झुंज पाहत थांबलेला देव हे उत्तरही हात गळून पडलेल्या माणसाला ऐकवण्यासारखे नाही. ग्रूनेवाल्डने ते गाळले. त्याने माणसाला देवापाशी तक्रार करण्याची परवानगी दिली आणि ती तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्यालाच बाहेरच्या कवाडावर त्याच स्थितीत टांगून ठेवले. कुठे होतास, या प्रश्नाला त्या सबंध रचनेत एकच उत्तर निघते: इथे, या देहात.

ते पुरेसे आहे का? दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की रोग्याला रोगी देव काय कामाचा? वैद्याला तोच आजार झाला तर आपण दुसरा वैद्य शोधतो. दुसरा अधिक कडवट: वेदनेला असे देवत्व दिले की सोसणे हेच पुण्य ठरते, आणि दुबळ्यांना गप्प बसवणे सोपे जाते. युरोपातल्या चर्चच्या इतिहासात हे घडलेही आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर पुनरुत्थानाच्या फळीवर आहे, पण ते श्रद्धेने घ्यायचे आहे. ज्याला ती नाही त्याला ते चित्र पटवू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र मठाच्या स्वयंपाकघरात मिळते. अँटोनाइन बंधूंनी रोग्यांना सोसत राहा असे सांगून चित्रासमोर सोडले नाही. त्यांनी जखमा धुतल्या, मलमे लावली, सडलेले अवयव कापून जीव वाचवले, संताच्या अस्थींना स्पर्श केलेली औषधी द्राक्षमदिरा पाजली. आणि रोजच्या जेवणात रायऐवजी चांगल्या गव्हाची भाकरी दिली. गव्हावर ही बुरशी फारशी धरत नाही. रोगाचे कारण न कळताही त्यांनी रोग्याच्या ताटातून विष काढून टाकले होते. पुष्कळांना तिथे खरोखर उतार पडे, तो संताच्या कृपेने पडला असे ते म्हणत. ज्या घरात वेदनेला वेदीवर बसवले होते, त्याच घरात ती कमी करण्यासाठी माणसे रात्रंदिवस राबत होती. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या की पहिली लबाडी ठरते. इझेनहाइममध्ये त्या तुटल्या नव्हत्या.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद झाले आणि 1792 मध्ये वेदीचित्र जवळच्या कोलमार शहरात हलवले गेले. एका जुन्या डॉमिनिकन जोगिणींच्या मठात 1853 मध्ये उंटरलिंडेन संग्रहालय सुरू झाले, आणि वेदीचित्र आता तिथे आहे. पहिल्या महायुद्धात, आल्सास जर्मनीकडे असताना, ते 1917 मध्ये म्युनिकला नेले गेले आणि युद्ध संपताना लोकांसाठी मांडले गेले. हरलेल्या देशातले जखमी सैनिक आणि मुलगे गमावलेल्या आया त्याच्यासमोर गर्दी करून उभ्या राहिल्या. चारशे वर्षांपूर्वीच्या इस्पितळातले चित्र पुन्हा एकदा हातपाय तुटलेल्यांच्या समोर आले होते. 1919 मध्ये ते कोलमारला परतले. स्विस धर्मतत्त्वज्ञ कार्ल बार्थने आयुष्यभर आपल्या लिहिण्याच्या मेजासमोर या क्रूसाच्या चित्राची प्रत टांगली होती, आणि योहानाच्या त्या लांब तर्जनीत त्याला धर्मविचाराचे सारे काम दिसे: आपल्याकडे न दाखवता पलीकडे बोट दाखवणे. डीट्रिख बोनहॉफर या पाद्रीने 1944 मध्ये नाझींच्या तुरुंगातून लिहिले की दुःख भोगणारा देवच मदतीला येऊ शकतो. पुढल्या वर्षी त्याला फाशी झाली. युर्गेन मोल्टमानने 1972 मध्ये क्रूसावर टांगलेल्या देवावर अख्खा ग्रंथ लिहिला. देवाला दुःख होत नाही असे शतकानुशतके मानलेल्या परंपरेने विसाव्या शतकात आपले मत बदलायला घेतले, आणि त्या बदलाला दोन महायुद्धांचे मृतदेह कारण झाले.

स्वित्झर्लंडमधले बाझल कोलमारपासून 60-70 किलोमीटरवर आहे. तिथल्याच सँडोझ कंपनीत 1918 मध्ये आर्थर श्टोलने रायवरच्या अरगटापासून अर्गोटामिन हे औषध वेगळे केले. औषधनिर्मितीच्या कामासाठी बाझलला जाणाऱ्या मराठी माणसांनी एक दिवस राखून ठेवावा. रेल्वेने कोलमार तासाभराच्या आत येते. संग्रहालयात आता सगळ्या फळ्या सुट्या करून मांडल्या आहेत, सर्व बाजू एकाच वेळी पाहता येतात, आणि 2022 मध्ये पुरी झालेल्या साफसफाईनंतर रंग पुष्कळ उजळले आहेत. सुट्या फळ्यांमुळे कुठूनही सुरुवात करता येते आणि पुनरुत्थानाचा प्रकाश लांबूनच ओढून घेतो. तिकडे आधी जाऊ नये. क्रूसासमोर पुरेसे थांबावे, मग अँथनीच्या चित्रातला कोपऱ्यातला कागद शोधावा, आणि त्यानंतरच प्रकाशाकडे वळावे. मठातल्या रोग्यांना सणापर्यंत बंद कवाडांपुढेच थांबावे लागत असे.